केम ते येरवडा: वेड, व्यसन आणि परतीची वाट

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक असलेच तर ते कुंकवामुळे. उत्तरेश्वराचे देवस्थान, कुंकवाचे कारखाने आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे एक स्थानक, एवढ्यात गावाची बाहेरची ओळख संपते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी या केमचे नाते केवळ कानाला जाणवणारे आहे; हा खुलासा आधीच करून ठेवतो, कारण ते रुग्णालयही पुढे ओघाने येणार आहे.

मनोरुग्णालयांचा आणि व्यसनमुक्ती केंद्रांचा इतिहास आपल्याकडे सहसा इमारतीच्या बाजूने लिहिला जातो. कोनशिला कधी बसली, खाटा किती, अधीक्षक कोण, कायदा कोणता. हे सारे आवश्यकच आहे. परंतु ज्या माणसाला त्या इमारतीत नेले जाते तो बहुधा दुसऱ्याच गावचा असतो, आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने उपचार म्हणजे प्रथम एक प्रवास असतो. कोणी न्यायचे, भाडे कोणी भरायचे, घरची कामे कोणावर टाकायची, आणि सर्वांत कठीण म्हणजे बरे वाटल्यावर त्याला परत कोणी आणायचे. प्रस्तुत लेखात आम्ही हा इतिहास केमसारख्या एका स्थानकाच्या फलाटावरून पाहू इच्छितो. दृष्टिकोन बदलला की काही परिचित गोष्टी निराळ्या दिसू लागतात, असे आम्हांस वाटते.

लोहमार्ग आणि वेड्यांचा कायदा या दोन गोष्टी या मुलखात जवळजवळ एकदमच आल्या. १८५८ साली कंपनी सरकारच्या अखेरच्या दिवसांत हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याकडून सोलापूरपर्यंत पोचली आणि पुढील दशकभरात गुलबर्ग्यावरून रायचूरकडे गेली. या एका रुळाच्या दोन दिशांना, मन बिघडलेल्या माणसासाठी, दोन ठिकाणे होती. पूर्वेला गाणगापूर रोड, आणि पश्चिमेला पुणे, म्हणजे कालांतराने येरवडा.

गाणगापूर हे दत्तसंप्रदायाचे महाक्षेत्र. भीमा-अमरजेचा संगम, नृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुका, आणि आरतीच्या वेळी घुमणारी, किंचाळणारी, खांबांना बिलगणारी माणसे. भूतबाधा, करणी, अंगात येणे या नावांनी जे ओळखले जाई त्याचे हे न्यायालय होते असे म्हटले तरी चालेल. गावोगावचे लोक तिथे आपला माणूस घेऊन जात आणि दिवसेंदिवस, प्रसंगी महिनोन्महिने, सेवेला राहत. आधुनिक वाचक याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहतो, आणि त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. गाणगापुरास रुग्ण एकटा जात नसे. आई, बायको किंवा भाऊ त्याच्यासोबत राहत, शिजवून घालत, माधुकरी मागत. तो परतला तर त्यांच्याबरोबरच परते, आणि गावात परतल्यावर त्याला सांगण्याजोगी एक कथा असे: बाधा होती, ती गेली. या कथेने त्या माणसावरचा दोष काढून घेतला जाई. औषध म्हणून ती निरुपयोगी असेल. परतीचे तिकीट म्हणून तिची किंमत मोठी होती.

याचा अर्थ क्षेत्रांचे गोडवे गावेत असा मुळीच नाही. साखळदंड, मारझोड, उपासमार हीही त्याच परंपरेची अंगे आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमास आग लागली आणि साखळीने बांधलेले असल्यामुळे पळता न आलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांना नातेवाइकांनी आणून सोडले होते. जिथे सोबत संपते तिथे क्षेत्रही कोंडवाडा होते.

पश्चिमेकडची गाडी निराळ्या जगात नेत असे. मुंबई इलाख्यात कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ जुने. पुढे रत्नागिरी, ठाणे, येरवडा ही नावे त्यात मिळाली, आणि मध्यप्रांतातले नागपूरचे इस्पितळ भाषावार राज्यरचनेनंतर महाराष्ट्राच्या वाट्यास आले. यांतील येरवडा सर्वांत मोठे, २५४० खाटांचे. या आकड्यावर क्षणभर थांबावे. एखाद्या मोठ्या खेड्याची संपूर्ण वस्ती त्यात मावली असती. मराठी बोलण्यात ‘येरवडा’ या शब्दाला दोन अर्थ चिकटले, एक तुरुंगाचा आणि दुसरा वेड्यांच्या इस्पितळाचा, आणि ते एकमेकांत मिसळूनही गेले. ‘याला येरवड्याला पाठवा’ असे कोणी म्हटले की कोणत्या येरवड्याला हे विचारण्याची गरज पडत नसे.

हा केवळ भाषेचा खेळ नव्हता. १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्याप्रमाणे इस्पितळात जाण्याचा राजमार्ग मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतूनच होता. नातेवाइकांनी अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग रिसेप्शन ऑर्डर निघायची. रस्त्यावर भटकणारा सापडला तर पोलिसाने त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. आपखुशीने दाखल होण्याची सोय कायद्यात होती, पण ती फार थोड्यांच्या उपयोगी पडली. परिणाम असा की शेतकरी कुटुंबाला आपल्या मुलाचा आजार प्रथम सरकारदरबारी शाबीत करावा लागे, जसा एखादा गुन्हा शाबीत करावा. आणि गाणगापूरच्या अगदी उलट, फाटकापाशी कुटुंबाचे काम संपत असे. आत तो एकटा, बाहेर ते.

परतीविषयी कायद्यात तरतूद होती, पण परत येणाऱ्यासाठी कथा नव्हती. बाधा गेली असे म्हणता येते. वेड गेले असे कोणी मानत नाही. शिवाय १९५० च्या आधी डॉक्टरांपाशीही देण्यासारखे फारसे काही नव्हते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात नोंद आहे की हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे ४०,००० लोकांमागे एक खाट होती, तर इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक. या आकड्यांवरून आपल्याकडे खाटा कमी होत्या एवढाच निष्कर्ष काढला जातो. आम्हांला त्यातून दुसरेही दिसते: चाळीस हजार लोकांमागे एक खाट असेल, आणि त्या खाटेवरचा माणूस वर्षानुवर्षे उठणारच नसेल, तर उरलेल्या सर्व आजाऱ्यांना त्यांच्या घरच्यांनीच सांभाळलेले असणार. वाड्याच्या मागच्या खोलीत, गोठ्यात, क्वचित दाव्याला बांधून. या संगोपनाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

त्यातही वयानुसार भेद होते. कायद्याला ‘वेडा’ माहीत होता, वेडे मूल माहीत नव्हते. मुलांच्या मनाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची सुरुवात मुंबईत १९३७ साली, टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेने काढलेल्या बालमार्गदर्शन केंद्रापासून झाली. पुण्यात मतिमंद मुलांसाठी ‘कामायनी’ निघायला १९६४ साल उजाडावे लागले. खेड्यात अशा मुलाला ‘येडं’ म्हणत आणि गुरे राखायला लावत. शाळा नावाची गोष्ट त्याच्यासाठी नव्हती, पण काम होते आणि कळपात जागाही होती. म्हाताऱ्यांचे तर निदानच भाषेने करून टाकलेले: साठी बुद्धी नाठी. ज्याला म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेले तो अनेकदा मेंदूचा आजार होता, हे कळायला फार काळ जावा लागला, आणि पुष्कळ घरांत ते अजून कळलेले नाही.

व्यसनाची कथा या सर्वांपासून वेगळ्या रुळावरून धावली. वेडा हा कायद्याच्या दृष्टीने अजाण होता, तर दारुड्या हा नीतीच्या दृष्टीने अपराधी. म्हणून दारूच्या प्रश्नाला आपल्याकडे पहिल्यापासून चळवळ लाभली, उपचार लाभले नाहीत. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला; पुढे बंदी सैल होत गेली, परवान्यांची पद्धत मात्र राहिली, आणि ज्या कायद्याचे नाव दारूबंदीचे तोच सरकारी तिजोरीच्या एका मोठ्या उत्पन्नाचा आधार झाला. या विसंगतीवर विनोद पुष्कळ झाले आहेत; आणखी एकाची भर घालण्याची आवश्यकता नाही.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याकडे दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणूनच पाहण्याची आपली सवय आहे. सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ, शेवटचा विनाश. पण परतीच्या प्रश्नाच्या संदर्भात ते पुन्हा वाचावे. सुधाकर एकदा दारू सोडतो. निश्चय करून सोडतो, आणि काम मागायला जुन्या परिचितांकडे जातो. तिथे त्याचा अपमान होतो, आणि मग तो प्याल्याकडे वळतो ते कायमचेच. गडकऱ्यांनी व्यसनाच्या आजारातील कळीची जागा अचूक हेरली होती: पहिला घोट नव्हे, तर सोडल्यानंतरचा पहिला आठवडा. जगाने परत घेतले नाही की माणूस परत जातो. मात्र १९१९ साली या ज्ञानाचे करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नाटककाराजवळ मृत्यूशिवाय दुसरा शेवट नव्हता, आणि समाजाजवळ व्याख्यानाशिवाय दुसरे औषध.

दरम्यान मानसोपचार हळूहळू भिंतीबाहेर पडू लागला होता. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी मानसिक रुग्णांसाठी विभाग सुरू केला. पुढे केईएममध्ये डॉ. वाहिया यांच्या हाताखाली मानसोपचाराची मोठी परंपरा उभी राहिली. १९५० नंतर क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आली, आणि केसपेपर काढून, तपासून घेऊन, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी जाणे ही गोष्ट प्रथमच शक्य झाली. सोलापुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आमच्या मते या इतिहासातील खरी क्रांती हीच, आणि तिचे श्रेय कोणा एका महापुरुषाला देता येत नाही म्हणूनच ती दुर्लक्षित राहिली असावी. मात्र बाह्यरुग्ण विभागाची एक अट असते: महिन्याने पुन्हा या. केमपासून सोलापूर सुमारे शंभर किलोमीटर. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला दर महिन्याला दोन माणसांचा एक दिवस आणि भाडे परवडत नाही. आणि गोळ्या थांबल्या की आजार उलटतो. मग गावात म्हणतात, औषधाचा गुण आला नाही.

वेड आणि व्यसन हे दोन वेगळे रूळ एकत्र आले ते येरवड्यात, १९८६ साली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने, कोवळी मुले धडाधड पडत होती. १९८५ मध्ये अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना मराठी वाचक सुनंदा म्हणून ओळखतात, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. पुढे त्याने स्वतःची वास्तू उभारली. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे नेले.

मुक्तांगणविषयी मराठीत विपुल आणि बहुतांशी भावपूर्ण लेखन झाले आहे. त्यातील भावना वजा केली तरी काही रचनात्मक गोष्टी उरतात, आणि त्या आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. रुग्णाला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. समुपदेशकांपैकी बरेचजण स्वतः त्या वाटेने गेलेले, म्हणजे परत आलेला माणूस कसा दिसतो हे दाखल झालेल्याला पहिल्याच दिवशी दिसते. बायकांसाठी ‘सहचरी’ गट, कारण व्यसनी माणसासोबत राहून त्याही खचलेल्या असतात. आणि दाखल होण्याच्या काळाइतकेच त्यानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व: बैठका, भेटी, आणि व्यसनमुक्तीचा वाढदिवस. हा वाढदिवस बाहेरच्याला जरा भाबडा वाटतो. पण गाणगापूरहून येणाऱ्याला जी कथा मिळत असे आणि येरवड्याहून येणाऱ्याला जी कधीच मिळाली नाही, ती इथे नव्याने घडवलेली आहे. सुधाकराला नेमके हेच हवे होते. जे केंद्र गर्दसाठी निघाले त्याचे बहुसंख्य रुग्ण पुढे दारूचे झाले, यात आश्चर्य नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांचा प्रश्न पहिल्यापासून तोच होता.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्याने व्यसनमुक्तीत का पडावे, असा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास पडेल. पण मांत्रिकाकडे जाणारे आणि बाटलीकडे जाणारे पाय बहुधा एकाच घरातून निघतात, हे खेड्यात वावरलेल्यास सांगावे लागत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे यांचा समावेश आहे. शतकानुशतके घराच्या मागच्या खोलीत जे चालत आले होते त्याची ही पहिलीच सरकारी यादी असावी. दुर्दैवाने व्यसनमुक्तीच्या नावाखाली जागोजाग निघालेल्या काही खाजगी केंद्रांतही कुलूप, मार आणि घरच्यांना भेटबंदी याच गोष्टी ‘उपचार’ म्हणून चालतात. भुताऐवजी व्यसन एवढाच फरक.

सरकारी व्यवस्थेत मात्र दोन्ही प्रश्न वेगळेच राहिले. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान समाजकल्याणाकडून, मानसोपचार आरोग्य खात्याकडे, दारूचे परवाने उत्पादन शुल्काकडे. एकाच माणसाचे तीन तुकडे तीन कचेऱ्यांत. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याची कल्पना मांडली, कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात ती करूनही दाखवली गेली, आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशातील चार जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे पसरत गेला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या व्यसनाचे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के उपचारांविना आढळले. या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याच २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला तो विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी. करमाळ्याला लागून असलेला परांडा तालुका त्यात आला, कारण तो धाराशिव जिल्ह्यात. करमाळा आणि त्यातले केम बाहेर राहिले, कारण ते सोलापुरात. दुष्काळ दोन्हीकडे सारखाच असतो. तालुक्याची हद्द नैराश्याला दिसत नाही, फाइलला दिसते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा (अंमल मे २०१८ पासून) येथवरच्या कथेच्या संदर्भात वाचला तर त्यातील काही कलमे चकित करतात. मद्य व अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या. म्हणजे १९८६ साली येरवड्याच्या आवारात जे घडले ते एकतीस वर्षांनी कायद्याने मान्य केले. भूल न देता विजेचे झटके देण्यास मनाई केली. अज्ञान मुलाला दाखल केल्यास त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे आणि त्याच्यासोबत घरचे वा नेमलेले माणूस राहावे. तीन वर्षांखालील मूल असलेल्या आईला उपचारकाळात सामान्यतः त्यापासून तोडू नये. फाटकापाशी संपणारे कुटुंबाचे काम इथे प्रथमच फाटकाच्या आत आले आहे. आणि अठराव्या कलमात असे म्हटले आहे की मुले व वृद्धांसह कोणाही मनोरुग्णाला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ असाव्यात. जिल्ह्यात किमान सेवा नसतील तर तेथील अन्य संस्थेतील उपचारांचा खर्च सरकारने सोसावा.

१८५८ पासूनच्या कायद्यांत खाटा होत्या, पहारे होते, दाखले होते; अंतर नव्हते. ते १५९ वर्षांनी आले. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची दूरध्वनी सेवा सुरू झाली, आणि बोलण्यापुरता तरी प्रवास वाचला. गोळ्यांसाठी, तपासणीसाठी, चार दिवस दाखल करण्यासाठी तो अजून करावाच लागतो. लांबचा म्हणजे किती किलोमीटरचा, हे कायद्याने सांगितलेले नाही.